साइटवर टॅब आला, वही काही जाईना

गोदाकाठचा · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नाशिकला बांधकामाची कंत्राटं घेतो, २२ वर्षं झाली. सुरुवात रो हाउसपासून केली. सध्या पार्किंग अधिक सात मजल्यांची एक इमारत आणि दोन बंगले चालू आहेत. रोज ४०-४५ माणूस, स्लॅबच्या दिवशी सत्तरच्या घरात. खर्ची (आठवड्याचे हातखर्चाचे पैसे) शनिवारी. हिशेब दोन वह्यांत. एक माझी लाल, दुसरी सुपरवायझरची, जिच्यावर सिमेंटचे ठसे आणि चहाची वर्तुळं असतात.

मुलगा यंदा सिव्हिल होऊन घरी आला. पहिल्या आठवड्यात त्याने साइट पाहिली, दुसऱ्या आठवड्यात टॅब आणला. हजेरी, माल, ड्रॉइंग, कामाची प्रगती, सगळं एकाच अ‍ॅपमध्ये. तीन महिने फुकट, पुढे माणशी दरमहा पैसे. म्हटलं, चालू दे.

आता तीन महिने संपत आलेत. सुपरवायझर दिवसभर वही भरतो आणि संध्याकाळी साडेसहाला बल्बखाली बसून तीच वही टॅबमध्ये उतरवतो. हाताला सिमेंट म्हणून टच लागत नाही, एकदा तर नाकाने दाबताना पाहिलाय त्याला. परवा म्हणाला, "शेठ, आधी एक वही होती, आता दीड झाली." मुलगा म्हणतो, हे लोक शिकायलाच तयार नाहीत. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे.

तर प्रश्न असा: आमच्यासारख्या मध्यम साइटवर या डिजिटल प्रकारांतलं नेमकं काय कामाला येतं आणि कशावर पैसे घालवू नयेत? माहितीपत्रकं वाचून झालीत. ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा.

चहाटळ · सोमवार, रात्री ९:५२

आमच्या सोसायटीच्या बिल्डरने सिमेंट चोरीला जातं म्हणून गोडाऊनवर कॅमेरा लावला होता. पुढच्या आठवड्यात कॅमेरा गेला. सिमेंट जागेवर होतं, म्हणजे उपयोग झालाच म्हणायचा.

सूतभर · सोमवार, रात्री १०:३०

काका, डिजिटल म्हटलं की सगळे थेट अ‍ॅपवरच का उडी मारतात हे मला कळत नाही. मी पुण्यात साइट इंजिनिअर आहे, ११ वर्षं. मला विचाराल तर टॅब नंतर, आधी एक चांगली लेसर लेव्हल घ्या. लेव्हल ट्यूबच्या (पातळी बघायच्या पारदर्शक नळीच्या) पाण्यात एक बुडबुडा अडकला की लेव्हल गेली, आणि तो बुडबुडा शोधायला दोन बिगारी आणि अर्धा तास. लेसरच्या हिरव्या रेषेवर गवंडी स्वतः चार दिवसांत बसला. शिकवावं लागलं नाही, उलट "मॅडम, ते लेसर द्या ना" म्हणून मागे लागायचा. त्याची प्लास्टरची मजुरी फुटावर असते, भिंत सरळ मिळाली की त्याचे हात पटापट चालतात, म्हणून.

दुसरं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र. विकत नको, दिवसाच्या भाड्याने सर्व्हेअरसकट मिळतं. माझ्या आधीच्या साइटवर लाइनआउट (भिंती-कॉलमच्या जागांची आखणी) खालच्या मजल्यावरून ओळंब्याने वर घ्यायचे. दर मजल्याला "सूत-दीड सूत इकडेतिकडे, चालतंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम ३ मिलिमीटर, कोण भांडतंय. पण ते सूत दर वेळी एकाच बाजूला सरकत होतं. सहाव्या स्लॅबनंतर लिफ्टवाले आले, वरून तार सोडली आणि हसायला लागले. लिफ्टचा डक्ट, म्हणजे उभी पोकळी, २८ मिलिमीटर कललेला. आरसीसीची भिंत आतून तासायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून दर मजल्याला प्लिंथवरच्या (जोत्यावरच्या) मूळ खुणांवरून टोटल स्टेशन. सर्व्हेअर दोन तासांत काम आटपून जातो.

माझं इथलं नाव त्या प्रकरणावरूनच आहे.

रेवती_सा · सोमवार, रात्री ११:१५

सूतभर, +१. फक्त मी दुसऱ्या टोकाला बसते. पुण्यातच बिम (इमारतीचं सगळी माहिती भरलेलं संगणकीय मॉडेल) कोऑर्डिनेटर आहे, कामं सगळी इंग्लंडची. तिथे २०१६ च्या एप्रिलपासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम सक्तीचं आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांची पोटं भरतात. आपल्याकडे नागपूर मेट्रोने पाचमितीय बिम वापरलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च दोन्ही जोडलेले.

लोकांना वाटतं बिम म्हणजे इमारतीचं गोल फिरणारं रंगीत चित्र. चित्र हा सगळ्यात फालतू भाग. खरं काम भांडणं आधी लावून घेण्याचं. प्लंबिंगचा ११० चा पाइप उताराने येतोय आणि बरोबर तिथेच ४५० ची बीम आहे, हे स्लॅब पडल्यावर कळलं तर काँक्रीटला भोक पाडणारा कोअर कटरवाला बोलवायचा. मॉडेलमध्ये कळलं तर दोन ईमेल.

धागाकर्त्यांच्या साइटला पूर्ण मॉडेल नको. टॉयलेटचे डक्ट, पार्किंगच्या छताखालचे पाइप आणि जिना, एवढंच त्रिमितीत करून घ्या. चिरंजीवांना येत असेल तर दहा-बारा दिवसांचं काम आहे.

दुबईकर · मंगळवार, सकाळी ७:०५

इथे दुबई महापालिकेने २०१४ पासूनच ४० मजल्यांवरच्या किंवा ३ लाख चौरस फुटांवरच्या इमारतींना बिम लावलंय, पुढच्या वर्षी मर्यादा आणखी खाली आणली. मी या असल्या तीन टॉवरवर काम केलं. मॉडेल कुठे असतं सांगू? एसी असलेल्या पोर्टाकॅबिनमध्ये. बाहेर ४५ अंशात फोरमनच्या हातात कागदच असतो, घामाने भिजलेला, चार घड्या पडलेला. मॉडेल कितीही शहाणं असू दे, तो कागद कधी छापलाय त्यावर बिल्डिंगचं नशीब.

रेवती_सा · मंगळवार, सकाळी ९:२०

हे मान्य. पण कागद जुना निघाला ही मॉडेलची चूक नाही ना.

चहाटळ · मंगळवार, सकाळी ९:२४

आमच्याकडे लग्नपत्रिकासुद्धा जुन्या तारखेची वाटली गेली होती. अर्धं वऱ्हाड आदल्या दिवशी हजर.

गोदाकाठचा · मंगळवार, दुपारी १:१०

दुबईकरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सांगूनच टाकतो.

चौथ्या स्लॅबच्या आधी आर्किटेक्टने एका फ्लॅटचा टॉयलेटचा डक्ट पलीकडच्या गाळ्यात सरकवला. सुधारित ड्रॉइंग, आर३, सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. त्या दिवशी नेमकी अंगारकी. दहा वाजेपर्यंत ड्रॉइंगच्या खाली ३८ गणपती येऊन बसले होते. मी स्वतः मोजले, नंतर, डोक्याला हात लावून. सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या फळ्या ठोकणाऱ्या) मिस्त्रीने खिशातला आर२ चा कागद काढला आणि डक्टच्या भोकासाठीचा ६०० बाय ९०० चा कटआउट जुन्या जागी ठोकला. स्टीलवाल्याने त्याच्यामागून सळई बांधली. स्लॅब पडला. फळ्या काढल्यावर प्लंबर वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भोक कुठंय?"

मग स्ट्रक्चरलवाल्यांना विचारून नवीन भोक, जुनं बंद, जास्तीची सळई, आठ दिवस आणि पैसे वेगळे.

आणि कडी म्हणजे अ‍ॅपमध्ये आर३ व्यवस्थित चढवलेलं होतं. टॅब ऑफिसच्या कपाटात चार्जिंगला.

उपअभियंता_निवृत्त · मंगळवार, दुपारी ३:४५

सार्वजनिक बांधकाममध्ये ३४ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

आमचं मेजरमेंट बुक तुम्ही लोक हसण्यावारी नेता. त्या एमबीची पानं छापील क्रमांकाची असतात. पान फाडता येत नाही. खोडरबर चालत नाही. माप चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, वरचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहून सही. वीस वर्षांनी कोणी उघडलं तरी कोण कुठे चुकला आणि कधी दुरुस्त केलं ते दिसतं.

भाच्याच्या साइटवर तुमचं ते अ‍ॅप पाहिलं. मागच्या सोमवारची हजेरी शुक्रवारी बदलता येत होती आणि बदलल्याची खूणसुद्धा राहत नव्हती. मी त्याला म्हटलं, तुझ्या या टॅबपेक्षा दोनशे पानी वही बरी. अ‍ॅप घेताना एकच गोष्ट तपासा: जुनी नोंद बदलली तर आधीची दिसते का. दिसत नसेल तर परत करा.

आणि ड्रॉइंगचं म्हणाल तर, नवीन देताना जुनं हातातून काढून घ्यायचं आणि त्यावर "रद्द" चा शिक्का मारायचा. याला वीजही लागत नाही.

प्रगतीपथ · मंगळवार, दुपारी ४:३०

[जाहिरात असल्याने प्रतिसाद काढला आहे. – संपादक]

चहाटळ · मंगळवार, दुपारी ४:३३

काका, बघा. खोडलेलं वाचता येत नाहीये.

मुकादमाचा_पोरगा · मंगळवार, रात्री ८:५०

सगळे साहेब लोक लिहून गेले, आता खालून लिहितो. वडील सेंट्रिंगचे मुकादम होते, जालन्याकडून टोळी घेऊन यायचे. मी शिकलो आणि ऑफिसात बसलो, पण भाऊ अजून साइटवर आहे.

त्याच्या साइटवर चेहरा दाखवून हजेरी आहे. सकाळी सगळे आंघोळ करून येतात, मशीन ओळखतं. संध्याकाळी तोंडावर सिमेंट, डोक्याला फडकं, उजेड गेलेला. मशीन म्हणतं, माणूस सापडला नाही. बाहेर पडल्याची नोंद नाही म्हणून अर्धी हजेरी. शनिवारी खर्चीला भांडण. वहीवाला मुकादम निदान म्हणायचा, "अरे हा माझ्यासमोर होता की." मशीनशी भांडायला कोणापुढे जायचं?

सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी आला तर पैसे कापतात. स्लॅबला रात्री अकरापर्यंत थांबला त्याची नोंद मात्र "सिस्टीममध्ये तसं ऑप्शन नाही." ऑप्शन बरोबर एकाच बाजूचं कसं असतं?

सिव्हिल_नाही_सिव्हिलाइज्ड · मंगळवार, रात्री ९:१५

दुसरी बाजूही आहे मालक. आमच्याकडे मुकादम ३० माणसांची हजेरी लावून २४ आणायचा. चेहऱ्याची हजेरी आल्यापासून सहा भुतं गायब. मालकाचा पैसा पैसा नाही का?

मुकादमाचा_पोरगा · मंगळवार, रात्री ९:४०

भुतं होती, नाही म्हणत नाही. पण मग ते रेकॉर्ड जिवंत माणसाच्याही कामाला येऊ द्या. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ही अट १९९६ च्या कायद्यापासून आहे. नोंदणी झाली की पोरांची शिष्यवृत्ती, अपघाताची मदत. आमची माणसं वर्षात चार साइट फिरतात, दाखल्यासाठी प्रत्येक ठेकेदाराच्या मागे हिंडतात. तुमच्या मशीनमध्ये तर त्याचे ९० दिवस तारीखवार बसलेत! एक कागद छापून सही करायला काय जातं? भावाच्या ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "तो रिपोर्ट आमच्या पॅकेजमध्ये येत नाही."

सूतभर · मंगळवार, रात्री ९:५५

हे मला सुचलं नव्हतं. उद्या आमच्या ऑफिसात विचारते.

रेषा · बुधवार, सकाळी १०:४०

अवांतर: मी साताऱ्याची आर्किटेक्ट. परवानगीचं काम ऑनलाइन झालं तेव्हा वाटलं, चकरा संपल्या. आता नकाशातल्या प्रत्येक रेघेला ठरलेल्या नावाचा लेयर लागतो, खोली बंद बहुभुज असली पाहिजे. परवा फाइल तीनदा परत आली, कारण एका बाल्कनीची रेघ कोपऱ्यात मिळाली नव्हती. फट होती अर्ध्या मिलिमीटरची, आणि कागदावर १:१०० ने तिथे मुंगीचा पायही मावला नसता. तरी एक सांगते, संपूर्ण राज्याला २०२० च्या डिसेंबरात जवळपास एकच नियमावली आल्यावर हे सॉफ्टवेअर नसतं तर क्षेत्रफळाचे तक्ते हाताने मांडता मांडता म्हातारी झाले असते.

मिळकतदार · बुधवार, सकाळी ११:३०

घर घेणाऱ्याच्या बाजूने. माझ्या दृष्टीने बांधकामातलं सगळ्यात उपयोगी डिजिटल म्हणजे महारेराचं पान. २०१७ पासून आहे, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीत क्यूआर कोड द्यावाच लागतो. स्कॅन केलं की मंजुरी, ताब्याची तारीख, कोर्टकचेऱ्या समोर. बिल्डरला दर तीन महिन्यांनी प्रगती भरावी लागते. मी फ्लॅट बघायला गेलो तेव्हा सेल्सवाला कॉफी पाजत होता, मी पान वाचत होतो. त्याच्या तोंडून ताबा डिसेंबरमध्ये, पानावर पुढच्या वर्षीचा जून. कॉफी संपवून उठलो.

नवा_भिडू · बुधवार, रात्री १०:०५

नमस्कार. मी धागाकर्त्यांचा मुलगा. बाबांनी धागा काढलाय हे मला मित्राने लिंक पाठवून सांगितलं.

"लोक शिकायला तयार नाहीत" हे मी म्हणालो होतो, खरं आहे. लेसर लेव्हलचं वाचून जरा वरमलो. पण माझी बाजूही ऐका.

मालाचा हिशेब अ‍ॅपमध्ये चुकत होता कारण त्यात ब्रास हे मापच नाही. घनमीटर आहे. सुपरवायझर क्रश सँडची (दगड दळून केलेल्या वाळूची) ३ ब्रासची गाडी आली की ३ लिहायचा. ३ ब्रास म्हणजे जवळपास साडेआठ घनमीटर. वापरलेली वाळू मात्र मी मिश्रणाच्या प्रमाणावरून घनमीटरमध्ये टाकत होतो. महिन्याअखेरीला अ‍ॅप म्हणालं, तुमच्याकडे उणे ४० घनमीटर वाळू आहे. मी दोन दिवस चोर शोधत होतो. बाबांनी वही उघडून पाच मिनिटांत काढलं. म्हणजे वही जिंकली, लिहून देतो.

पण रेडिमिक्सचं (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटचं) काय बाबा? ते का नाही लिहिलंत? मी प्रत्येक गाडीच्या चलनाचा फोटो काढायला लावला. चलनावर प्लांटमधून माल भरल्याची वेळ असते, सिमेंट, पाणी, अ‍ॅडमिक्श्चर सगळ्याचं वजन असतं. मानकाप्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. तिसऱ्या स्लॅबला एक गाडी १०:०५ ला भरलेली, द्वारका चौकात अडकली, आपल्याकडे १२:४० ला आली. ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडायला नळी घेऊन वर चढला होता. फोटोवरून वेळ दाखवली म्हणून परत पाठवता आली, नाहीतर "आत्ताच भरलीय साहेब" चालूच होतं.

उपअभियंता_निवृत्त · बुधवार, रात्री १०:३०

शाब्बास. पाणी घातलेलं काँक्रीट पाटीतून छान घसरतं, मिस्त्री खूश होतो आणि २८ दिवसांनी क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) रडतो. आमच्या वेळी हे थांबवायला मी स्वतः शिडीपाशी खुर्ची टाकून बसायचो.

चहाटळ · बुधवार, रात्री १०:३२

बापलेक एकाच घरात बसून इथे टाइप करतायत का?

नवा_भिडू · बुधवार, रात्री १०:३४

हो. मधे एक भिंत आहे. सहा इंची.

दुबईकर · गुरुवार, सकाळी ६:५०

भिडू, ड्रोनच्या नादी लागू नको एवढंच सांगतो, पुढची पायरी तीच असते. सात मजल्यांचं वरून काय बघणार? शिवाय तुमच्याकडे देवळालीचं लष्कराचं तोफखाना प्रशिक्षण विद्यालय, ओझरला एचएएलचा विमान कारखाना. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा (ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा) नकाशा उघड, तुमचा प्लॉट कोणत्या रंगात येतो ते बघ. मोठ्या जमिनीचे चढउतार, खाणीतली खडी मोजायची असेल तर ड्रोनसारखं दुसरं काही नाही, पण ते तुमचं काम नव्हे.

नवा_भिडू · गुरुवार, सकाळी ९:०२

कार्टमधून काढला.

रेवती_सा · गुरुवार, सकाळी ९:३०

:) डक्टचं मॉडेल मात्र कर. अडलं तर इथेच विचार.

गोदाकाठचा · पुढच्या रविवारी, संध्याकाळी ६:२०

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद छापून साइट ऑफिसात लावलेत (चहाटळ यांचे वगळून). काय ठरलं ते सांगतो, कारण मूळ प्रश्न माझाच होता.

अ‍ॅपचं पुढचं भाडं भरलं नाही. पुढे-मागे घेतलं तर आधीची नोंद दिसणारंच घेऊ. हजेरी वहीतच, पण सुट्टीच्या वेळी मुकादम आणि सुपरवायझर दोघं सही करतात आणि पानाचा फोटो त्याच मिनिटाला मुलाकडे जातो. त्याने घरी तक्ता केलाय, रात्रपाळीचा रकाना त्यात आहे. मुकादमाचा_पोरगा, तुमचं वाचून त्यातून माणूसवार दिवस काढले. आमच्याकडे ११ जणांचे ९० च्या वर भरले, सगळ्यांना दाखले सही करून दिले. एकाने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवलेले पाहिले.

लेसर लेव्हल घेतली. टोटल स्टेशन पाचव्या मजल्याला आणलं. आम्ही ९ मिलिमीटर बाहेर होतो, सूतभरताई, वेळेत सांगितलंत.

ड्रॉइंगसाठी वेगळा ग्रुप, त्यात फक्त आर्किटेक्ट आणि मुलगा टाकू शकतात, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. ऑफिसच्या दारावर क्यूआर कोड चिकटवलाय, स्कॅन केलं की शेवटचंच ड्रॉइंग उघडतं. मिस्त्रीचा जुना कागद हातात आल्याशिवाय नवा मिळत नाही. "रद्द" चा शिक्का रविवार कारंजावरून करून आणला, १८० रुपये. आतापर्यंतच्या सगळ्या डिजिटल खर्चात तोच सगळ्यात वसूल झाला, असं मुलगासुद्धा म्हणतो.

कालच सहावा स्लॅब झाला. ८४ घनमीटर, १४ गाड्या, १४ चलनांचे फोटो, १५ क्यूब. पहिली गाडी ८:२० ला. सगळं वेळेवर साइटच्या जुन्या ग्रुपवर. फक्त सातव्या गाडीच्या चलनाऐवजी मुकादमाने चुकून गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं.

चहाटळ · रविवार, संध्याकाळी ६:२३

फूल आर२ होतं की आर३?